ग्वाल्हेरचा लाल ठिपका

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात शाळांचे कापडी नकाशे रंगवणारा एक म्हातारा बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. राज्य बदललं की मी शिकवायचो त्या शाळेचा हिंदी महासागराचा नकाशा मी त्याच्याकडे दुरुस्तीला न्यायचो. ब्रशाचं टोक तो ओठांनी ओलं करायचा.

छप्पन साली राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली, तेव्हा त्यानं ग्वाल्हेरचा लाल ठिपका काळा केला आणि भोपाळचा लाल. मग उरलेल्या लाल रंगाचा ठिपका नकाशाच्या अगदी तळाशी, एका बर्फाळ बेटावरच्या ज्वालामुखीच्या डोंगरावर ठेवला.

"तिथं कसली राजधानी?" मी चिडलो.

"राहू द्या, मास्साब. तिथं माणूसच नाही, हलवणार कोण?"

पुढं वर्गात ग्वाल्हेर दाखवायला छडी उचलली, की ती आधी त्या डोंगराकडे जायची.