बाबांच्या बुटाखालचे ठोकळे

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? बाबा विदर्भातून पुण्याला आले, बावीस वर्षं स्वारगेटहून बस चालवली, त्यावर मी शिकले आणि कॉम्प्युटर कंपनीत लागले.

कंपनीनं मला तीन महिने परदेशी पाठवलं, त्याच काळात बाबा जिन्यावरून पडले. डावा घोटा मोडला. मी परतायच्या आठवड्यात प्लास्टर निघालं तेव्हा पोटरीची काडी झाली होती. डावा पाय म्हणजे क्लचचा पाय. दीड महिन्यानं डेपोच्या साहेबांना गाडी चालवून दाखवायची होती. क्लच नीट दाबता आला नाही, तर स्टिअरिंगवरून उतरवून ‘हलकं काम’ देणार होते. हे दोन शब्द बाबा शिवीसारखे उच्चारत.

येताना मी तिथल्या खेळाच्या दुकानातून बुटांखाली पट्ट्यांनी बांधायचे दोन जाड रबरी ठोकळे आणले. चवडा ठोकळ्यावर, टाच अधांतरी. पाऊल टाकलं की टाच खाली जाते आणि पोटरी ताणली जाते. डॉक्टर म्हणाले, हळूहळू करू द्या. बाबांना बुटांची सवय नव्हती. गाडीसुद्धा ते चप्पल काढून चालवायचे, क्लच तळव्याला कळला पाहिजे म्हणून. तरी कॅनव्हासचे बूट घेतले. सोबतची इंग्रजी पुस्तिका मी मराठीत समजावली. जरा मास्तरीण होऊनच समजावली म्हणा.

मला न्यायला कंपनीची गाडी सकाळी सातला यायची, घरी यायला अंधार. त्यामुळे बाबांचा व्यायाम मी पहिल्यांदा पाहिला तो रविवारी, गॅलरीतून. धायरीच्या आमच्या गल्लीतून ते एका बाजूला कलत, डुलत येत होते. फाटकाशी तळमजल्यावरचे निवृत्त मास्तर उभे होते.

“अहो, आपण एकाच बाजूचा मजला वाढवलात,” ते म्हणाले. “परवानगी काढलीत का?”

मी धावत खाली गेले. ठोकळा फक्त डाव्या बुटाखाली होता.

“बाबा, दुसरा कुठंय?”

“कपाटात हाय. स्टेपनी.”

“अहो, दोन्ही पायांना बांधायचे असतात!”

“उजव्याले काय झालं? चांगल्या टायरले कोणी जॅक लावते काय?”

वर आल्यावर आईनं सांगून टाकलं. दहा दिवस बाबांची कंबर धरली होती आणि ती रोज शेकून देत होती. “तू म्हणशील, इतकं महागाचं आणलं अन् याइले जमत नाही,” ती म्हणाली.

मी पुस्तिका पुन्हा उघडली. ‘दोन्ही पायांत’ हे पहिल्याच ओळीत होतं. मला ते सांगण्यासारखंच वाटलं नव्हतं. चूक माझी होती, आणि तसं मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, “म्या तरी कुठं इचारलं?”

चार दिवस विश्रांती, मग दोन्ही पाय. संध्याकाळी बाबा खुर्चीत बसून डावा पाय पुढे करायचे. आई पाटावर बसून दोन्ही तळहात त्यांच्या तळव्याला लावायची.

“दाबा. कुठवर आली गाडी?”

“कात्रजचा घाट.”

“मंग अजून दाबा, मागं जाईल नाही तं!”

आधी आईचे हात सहज जागेवर राहत. महिना भरत आला तशी ती पाटासकट मागे सरकायला लागली आणि हसायला लागली.

चाचणीच्या दिवशी रजा टाकून मी बाबांना स्कूटरवर स्वारगेटला नेलं. ते केबिनमध्ये चढले, वाकून चप्पल काढली. शेजारी साहेब बसले. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि मी रसवंतीच्या आडोशाला उभी राहिले. रस घेतला, पण प्यायला गेला नाही.

पाऊण तासानं गाडी आली. साहेब उतरून आत गेले. बाबा केबिनच्या उंच पायरीवरून उतरले ते डाव्या पायावर सगळा भार देऊन. माझ्याजवळ आले.

“तू काऊन थांबली अजून? जाय आपल्या कामाले,” ते म्हणाले. “मी बी उद्यापासून गाडीवर जातो.”