डावा कोपरा

मुलींचा संघ बाहेरगावी खेळायला जातो तेव्हा सोबत एक बाई प्राध्यापक लागते. आमच्या सीमाभागातल्या कॉलेजात ते काम माझ्याकडे आलं, कारण मी सामान कधी विसरत नाही, असं प्राचार्यांचं म्हणणं. मी वाणिज्य शिकवते. बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. घोट्याला बांधायच्या पट्ट्या, बर्फाची पिशवी, ग्लुकोज, लिंबं, पॅड, ओळखपत्रांच्या जास्तीच्या प्रती, बुटांच्या नाड्या एवढी माझी यादी. खेळाचं मुली बघून घ्यायच्या. पण कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बरीच वर्षं बसलं की खेळही कळायला लागतो.

आमची कर्णधार पॉइंट गार्ड होती. म्हणजे चेंडू पुढे नेणारी आणि कुणी कुठे पळायचं ते ओरडून सांगणारी. मुडबी गावची, लिंगायत घरातली, वडिलांची आडत. उंचीनं संघात सगळ्यांत बुटकी, आवाजानं सगळ्यांत मोठी. हाका कानडीत, शिव्या मराठीत आणि पंचाशी हुज्जत दखनी उर्दूत. तिची जोडीदारीण दुबलगुंडी गावची, शेतकऱ्याची मुलगी, फार न बोलणारी. ती डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि तिथून लांबूनच चेंडू टाकायची. कर्णधार तिला न बघता पास द्यायची. मान उजवीकडे, डोळे उजवीकडे आणि चेंडू डावीकडे. समोरच्या मुली उजवीकडे झेपावेपर्यंत चेंडू जाळीतून खाली आलेला असायचा.

मी एकदा कर्णधाराला विचारलं, "न बघता कसं कळतं गं, ती तिथंच आहे ते?"

"ती कुठं जायलीय, मॅडम?" असं म्हणून हसली होती.

पावसाळ्यात ती दुबलगुंडीची मुलगी डेंग्यूनं गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि आठवड्याभरात सगळं संपलं.

सराव परत सुरू झाला. पहिल्याच दिवशी कर्णधार जोरात चेंडू घेऊन आली, मान उजवीकडे केली आणि पास डावीकडे दिला. कोपऱ्यात कुणी नव्हतं. चेंडू रेषेबाहेर गेला, कंपाउंडच्या भिंतीवर आपटला आणि लाल मातीतून हळूहळू परत आला. "चुकलं," म्हणून तिनंच तो उचलला.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. नंतरही होत राहिलं. सवय आहे, जाईल, असं मी धरून चालले होते. पण चुकून गेलेला चेंडू वेडावाकडा जातो. हा तसा जात नव्हता. छातीच्या उंचीवर, घेणारीच्या हाताला बसेल असा जायचा.

त्या जागी पहिल्या वर्षाची एक उंच मुलगी घेतली होती. ती कोपऱ्यापासून चार पावलं आत उभी राहायची.

"ए पोरी, कोपऱ्यात जा की!" कर्णधार ओरडायची.

"जायलेय अक्का," म्हणायची आणि हलायची नाही.

मी तिला बाजूला घेतलं. "जात का नाहीस?"

"मॅडम, तिथं गार लागतंय."

मी लगेच जाऊन तिथं उभी राहिले. दुपार कलली की कडुनिंबाची सावली बरोबर त्या कोपऱ्यावर येते. सगळ्यांना बोलावून सावली दाखवली आणि विषय संपवला. मुलींनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी मी माझी खुर्ची पलीकडच्या बाजूला टाकली. शिपायानं विचारलं तर, इकडे ऊन लागतं, म्हणाले. ऊन खरं तर पलीकडेच होतं.

मग नवसाची गोष्ट निघाली. आदल्या वर्षी उपांत्यपूर्व सामन्याआधी त्या दुबलगुंडीच्या मुलीनं नवस बोलला होता: जिंकलो तर गाणगापूरला पाच घरं माधुकरी मागेन. सामना जिंकला. कर्णधारानं तेव्हा तिची फार टर उडवली होती. "झोळी घेऊन फिरणार? कालेजची इज्जत घालवायलीस व्हय गं, भिकारणी!" ती म्हणाली होती, "तुलाबी नेते की, झोळी धरायला." मग परीक्षा आल्या, मग पाऊस, मग खुरपणी. नवस तसाच राहिला.

तो फिटल्याशिवाय ती कोर्टावरून जात नाही, असं मुलींनी आपापसात ठरवून टाकलं. "टीमसाठी बोलली होती, टीमनंच फेडायचं," असं त्या कर्णधाराच्या मागे लागल्या.

"आमच्या घरात नवस न्हाई आन् भूतबी न्हाई," ती एवढंच म्हणायची आणि सगळ्यांना कोर्टाभोवती पळायला लावायची.

तिचं हे शेवटचं वर्ष. विद्यापीठाच्या स्पर्धा कलबुर्गीला होत्या. पहिला सामना आम्ही कसाबसा काढला. तिचे पास त्या मोकळ्या कोपऱ्यात जात राहिले आणि प्रेक्षकांतली मुलं हसत होती. आमचे क्रीडाशिक्षक मला म्हणाले, "पुढच्या सामन्यात तिला बाहेर बसवतो. मला तरी बरं वाटतंय का? पण नव्या पोरी घाबरून तिकडं जात नाहीत आणि ही द्यायची थांबत नाही. तुम्हीच सांगा तिला."

मधला दिवस मोकळा होता. सकाळी उप्पीट खाताना मी तिला सांगितलं. असल्या गोष्टी मी आडपडद्यानं सांगत नाही. ती खात राहिली. ताटली रिकामी झाल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, गाणगापूर हितून किती लांब हाय?"

मी सगळ्या संघासाठी क्रूझर जीप ठरवली. पाणी, टोप्या, केळी घेतली. गाडीत बसल्यावर तिनं वडिलांना फोन लावला. गाडीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून स्पीकरवर टाकला.

"अप्पा, मी आज मागायला चाललेय. गाणगापूरला."

"काय मागायला?"

"माधुकरी."

"झोळी आपल्यात जंगम स्वामीनं घ्यावी, बाई. आपण राबून खाणारी माणसं. तुला काय कमी केलं मी?"

"माझ्यासाठी न्हाई, अप्पा. तिचं राहिलंय."

"तू मानतीस का हे?"

"मी न्हाई मानत. पोरी मानत्यात. मी कॅप्टन हाय."

मग ते म्हणाले, "मागायलीसच तर चपला काढून माग," आणि फोन ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारच्या आरतीची वेळ झाली होती. देवळाकडून बायांच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या. अंगात वारं असलेली माणसं तिथं आरतीला अशी ओरडतात, हे मला माहीत होतं. तरी आमच्या मुली एकमेकींना चिकटून चालत होत्या. दुकानातून झोळीचं कापड घेतलं. कर्णधारानं बूट-मोजे काढून माझ्याकडे दिले.

पहिल्या घरी पुजाऱ्याची बायको बाहेर आली. झोळीत भाकरी टाकताना तिनं विचारलं, "कुणासाठी मागतेस, बाळ?"

"मैत्रिणीसाठी. तिचा नवस हाय."

"मग ती नाही आली?"

कर्णधारानं डावीकडे बघितलं. आम्ही सगळ्या उजवीकडे उभ्या होतो. "आलीय की," ती म्हणाली.

बाईनं त्या मोकळ्या जागेकडे एकदा बघितलं. मग आत गेली आणि आणखी एक भाकरी आणून झोळीत टाकली.

पुढची घरं पटापट झाली. भात, पिठलं, एका लॉजवर जिलबी. पाचव्या घरासमोर मात्र ती थांबून राहिली. दार उघडंच होतं, आत माणसांचा आवाज होता. ती हाक मारेना.

"अक्का, शेवटचं घर," पहिल्या वर्षाची मुलगी हळूच म्हणाली.

"थांब की जरा."

फरशी तापली होती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. मी जवळ गेले. "पाय भाजतील. मागून घे आणि चल सावलीत."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागितलं की ती जाईल, मॅडम."

तेव्हा मला कळलं. सगळ्या संघाला ती जायला हवी होती. हिला नको होती. नवस मानत नाही, भूत मानत नाही, असं म्हणत महिनोन् महिने हिनं जे टाळलं होतं, ते हेच. यावर द्यायला माझ्या पिशवीत काही नव्हतं. मी तिचे बूट हातात धरून उभी राहिले.

तिनं मागे वळून मुलींकडे बघितलं. पहिल्या वर्षाची मुलगी रडकुंडीला आली होती. कर्णधारानं झोळी सारखी केली आणि हाक दिली. कोर्टावर देते तशीच, सगळी गल्ली वळून बघेल अशी. आतून एक म्हातारे गृहस्थ आले आणि त्यांनी पोळी घातली.

जेवण आम्ही एका झाडाखाली वाटून खाल्लं. तिनं पोटभर खाल्लं. परतताना गाडीत झोपली.

सामन्याच्या आधी क्रीडाशिक्षक माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "खेळवा." पहिल्या वर्षाची मुलगी पळत थेट डाव्या कोपऱ्यात गेली आणि टाळी वाजवून ओरडली, "अक्का!" कर्णधारानं चेंडू धरला, मान डावीकडे केली, तिला नीट बघितलं आणि मग पास दिला. समोरच्या मुलींनाही तो दिसला. एक धावत आली, पण आमची उंच होती. पहिला चेंडू कड्याला लागून आला, दुसरा आत गेला. संपूर्ण सामन्यात कर्णधारानं एकदाही न बघता पास दिला नाही. तो सामना आम्ही जिंकलो. पुढचा हरलो आणि तिचं वर्ष संपलं.

"पोरगी एकदम मंद झाली," क्रीडाशिक्षक म्हणाले. "हातातला पास समोरच्याला आधीच दिसायला लागला."

बस स्टँडवर सामान मोजून झाल्यावर मी तिला म्हटलं, "शेवटच्या सामन्यात एकदा तरी जुना पास द्यायचास."

"आता तिथं जिवंत पोरगी हाय, मॅडम. तोंडावर बसला तर?"

मग तिनं पहिल्या वर्षाच्या मुलीला हाक मारली, गाडी सुटायच्या आत बाटल्या भरून आण म्हणून दटावलं, आणि ती एकटी निघालेली बघून स्वतःही तिच्या मागे गेली.