पायलीला कोळवंभर मीठ

उमाबाईंना ‘अंदाज’ या शब्दाचीच चीड होती. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या लातुरातून निलंग्याला आल्या, तेव्हा वरणात मीठ किती घालू असं त्यांनी सासूला विचारलं होतं. सासू म्हणाली, अंदाजानं घाल. अंदाज चुकला आणि तापलेल्या उलथन्याचा चटका बसला. त्याचा डाग मनगटावर कायमचा राहिला. पुढं नवरा गेला, सासूही गेली, अंदाज मात्र घरोघर सुखानं नांदत होता.

म्हणून पस्तिशीत उमाबाईंनी गल्लीतल्या अकरा पोरी गोळा केल्या. निजामाच्या सरकारी मदरशात सगळा कारभार उर्दूत, तिथं मुली धाडणार कोण? बसलिंगप्पा आडत्यानं दुकानामागची खोली दिली. तिला शाळा म्हणायचं, पण तिथं पाट्या कमी आणि वाळू जास्त. सुताराच्या पाया पडून उमाबाईंनी लहान-मोठी लाकडी मापं करून घेतली होती. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, असं करत करत पायलीपर्यंत. वाळूचं पीठ, विटेच्या भुकटीचं तिखट, पांढऱ्या मातीचं मीठ. पोरींनी मोजायचं, ओतायचं, सांडायचं, पुन्हा मोजायचं. पायलीभर पिठाला कोळवंभर मीठ, हे त्यांच्या हातांना कळलं पाहिजे, तोंडाला नव्हे.

हात शिकत होते, पण उमाबाईंचा जीव मेटाकुटीला येई. एकीनं मीठ म्हणून माती खाल्ली. दुसरीची आई केसातली वाळू दाखवत भांडायला आली, खेळायला आमचं अंगण काय कमी हाय का, म्हणाली. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे गौरम्मा, बसलिंगप्पाची सहा वर्षांची नात.

दुकानात धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. पहिलं माप लाभाचं, ही साऱ्या मुलखाची रीत. गौरम्मा आजोबांच्या मांडीवर बसून तेच शिकली होती. उमाबाईंना रीत ठाऊक नव्हती असं नाही, पण हट्टाला पेटल्यावर त्या कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. लाभ दुकानात, इथं एक म्हणायचं, असं त्यांनी चार महिने बजावलं. दोनदा हातावर चापटही मारली. पोरगी खाली मान घालून ऐकून घ्यायची.

वैशाखात बसलिंगप्पाला सरकी ठेवायला खोली हवीशी झाली. पोरी नुसत्या खेळून राहिल्या, असं तो चारचौघांत म्हणाला. उमाबाईंचं डोकं फिरलं. परवा मठात आंबील वाटायची आहे, तिचं पीठमीठ माझ्या पोरी मोजतील, चुकलं तर खोली घ्या, असं त्या बोलून गेल्या. शब्द गेला तो गेला.

मठात दोन मोठे हंडे चुलाण्यावर चढले होते. एकीकडं दोघी पायलीनं ज्वारीचं पीठ मोजत होत्या, चार पायल्या. पलीकडं गौरम्मा परातीत त्याला लागणारं चार कोळवी मीठ मोजत होती, समोर बसलिंगप्पा. उमाबाई पिठापाशी होत्या. ‘लाभ’ असं ऐकू आलं तशा त्या मनातल्या मनात जळफळल्या, कार्टीनं आजच नेमकं! त्या रागात पुढचं नीट ऐकलंच नाही. शेवटी ‘चार’ कानावर आलं आणि त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भुजंग स्वयंपाक्यानं मीठ हंड्यांत वाटून टाकलं.

पहिला घोट बसलिंगप्पानं घेतला आणि तोंड वाकडं केलं. आंबील खारट झाली होती.

किती मापं घातलीस, असं उमाबाईंनी दरडावून विचारलं. चार, गौरम्मा म्हणाली. घालून दाखव म्हटल्यावर तिनं पहिलं माप भरलं, आजोबांकडं बघून ‘लाभ’ म्हणाली. दुसरं भरलं, बाईंकडं बघून ‘एक’ म्हणाली. मग दोन, तीन, चार. परातीत पाच मापं झाली.

उमाबाईंचा पोरीवर उचललेला हात तसाच राहिला. लाभ म्हणजेच एक, इतकं साधं चार महिन्यांत त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. नुसतं नको म्हटलं होतं.

“चूक तिची न्हाई, अण्णा,” त्या म्हणाल्या. “तुमचंबी ऐकलं तिनं, माझंबी ऐकलं.”

बसलिंगप्पा काही बोलायच्या आत गौरम्मा त्याचा सदरा ओढत म्हणाली, “अज्जा, मीठ पाच झालं तर पीठबी पाच करा की.”

भुजंगनं आणखी एक पायली पीठ कालवून दोन्ही हंड्यांत सोडलं, त्याच मानानं पाणी घातलं. आंबिलीची चव जिथल्या तिथं आली. बसलिंगप्पा दोन तांबे प्याला, नातीच्या पाठीवर थाप मारली आणि लोकांकडं बघत हसला.

“रक्तातच हाय हे. आडत्याची नात हाय, शिकवावं लागतंय व्हय?”

चूक झाली तेव्हा ती शाळेची, सुधारली तेव्हा ती रक्ताची. उमाबाईंना इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून त्या चुलाण्याच्या धुराकडं तोंड करून उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी खोलीत सरकी भरली.

त्या मापं घेऊन वेशीजवळच्या कडुलिंबाखाली बसल्या. अकरांपैकी चारच पोरी आल्या. चौथी गौरम्मा, घरी न सांगता आलेली. तिनं कोळवं वाळूनं भरलं, काठावरनं बोट फिरवून सपाट केलं आणि ते हातात धरून बाईंच्या तोंडाकडं बघत राहिली. ओतेना.

उमाबाईंनी मनगटावरचा डाग चोळला.

“लाभ म्हण,” त्या म्हणाल्या. “लाभ म्हंजेच एक. आता पुढचं दोन.”