बसलेलं रबर

सुप्याच्या कारखान्यात आम्ही छोट्या विमानाचं पुढचं चाक बनवत होतो. त्याला स्प्रिंग लावायची की रबराच्या चकत्या, एवढंच ठरवायचं होतं. वजन लादून चाक वरून आपटलं. स्प्रिंगवर ते थयथय नाचलं, रबरावर गप्प उभं राहिलं.

"रबर तुमच्यासारखंच हाय, सायेब," म्हातारा फिटर म्हणाला. "धक्का पोटात ठेवतंय."

बायकोच्या तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी कामावर आलो, याचं सगळ्यांना कोण कौतुक! माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिवसभर चाक आपटायला लावलं.

संध्याकाळी चकत्या काढल्या. कुठंही चीर नव्हती, पण चेपलेल्या चकत्या परत फुगल्याच नाहीत.

"रबर बसलं," फिटर म्हणाला. या वेळी त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.