डावरीताईंचा चाकू

डावरीताईंचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदाला माहीत होतं. ताडपत्रीच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या या बाईला सगळे डावरीताईच म्हणत, आणि हाक डाव्या बाजूने आली तर त्या जरा लवकर वळतात अशी एक अफवा होती. ती त्यांनीच पसरवलेली.

लहानपणी त्यांच्या वहीतलं प्रत्येक अक्षर फासलेलं असे. डाव्या हाताने लिहिताना हात ओल्या शाईवरून फिरायचा. मास्तरांनी त्यावर छडीचा उपाय केला. एक इयत्ता नाही, दोन नाही, चांगल्या सहा. सहाव्या वर्षी मास्तरांची बदली झाली, छडी मोडली, आणि हात होता तसाच राहिला. "शेवटी कोण टिकलं?" असं विचारून ताई ही गोष्ट संपवत.

कारखान्यात त्या आल्या रिंगा ठोकायला. ताडपत्रीच्या कडेला दोरी ओवायच्या पितळी रिंगा असतात, त्या. ठोक, सरक, ठोक, सरक. अकरा वर्षं ठोकून त्या कापायच्या टेबलावर पोचल्या. वीस हात लांब टेबल, त्यावर मेणकापडाचा जाड थर, आणि हातात लाकडी मुठीचा, कापडात गुंडाळून आणलेला स्वतःचा चाकू. बाकीचे टेबलाच्या उजव्या कडेने कापत यायचे, ताई डावीकडून. मध्यावर गाठ पडली की म्हणायच्या, "आलात का? मी कधीची वाट बघतेय."

मग नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता. काळजीवाहू होता, आणि काळजी करणारा माणूस फार त्रास देतो. एका कारागिराच्या मांडीला उघडं पातं लागलं, तसा त्याने फतवा काढला: यापुढे उघडा चाकू बंद. प्रत्येकाने घडीचा वापरायचा, एका हाताने उघडणारा आणि खटक्याने पक्का होणारा. दुसरा हात कापड ताणून धरायला मोकळा हवा. कारखान्याने सगळ्यांना एकसारखे चाकू वाटले.

ताईंनी तो हातात घेतला मात्र, त्यांना मास्तर आठवले. अंगठ्याने पातं ढकलायची खुंटी नेमकी पलीकडच्या बाजूला. दोन्ही हातांनी उघडून जोर लावावा, तर त्यांचीच बोटं खटक्यावर पडत आणि पातं बोटांवर मिटायला येई.

"सगळ्यांना तर चालतोय," मॅनेजर म्हणाला.

"सगळे उजवे आहेत, साहेब."

"मग तुम्हीही उजव्या हाताने कापा ना. सवय होईल हळूहळू."

"सवय लावायला आमच्या मास्तरांनी सहा वर्षं घेतली, तीही छडीसकट. तुमच्याकडे किती वेळ आहे?"

मॅनेजरकडे सोमवारपर्यंत वेळ होता. नियमात बसेल आणि हातातही बसेल असा चाकू ताईंनी सोमवारी आणून दाखवायचा. नाहीतर परत रिंगांच्या टेबलावर. ठोक, सरक.

ताई घरी आल्या त्या पदर खोचूनच. नवरा निवृत्त लिफ्टमन. "जन्मभर वर-खाली केलं, पण पुढे काही गेलो नाही," असं स्वतःच सांगून हसणारा. चाकू घ्यायचा म्हटल्यावर त्याच्या अंगात आलं.

"अगं, अठरा हत्यारांचा घेऊ! कात्री, करवत, भिंग, दात कोरायची काडी. माशाचे खवले काढायची पट्टीसुद्धा असते!"

"कुठल्या माशाचे? कॅलेंडरवरच्या?"

"उद्या लागलीच तर?"

"अहो, मला रोज लागेल ते हवंय. उद्याचं उद्या."

शनिवारी दोघं बाहेर पडली. पहिल्या दुकानात चाकूंना कुलूप होतं आणि किल्लीवाला जेवायला गेला होता. दुसऱ्यातल्या माणसाने त्यांना आपादमस्तक न्याहाळून गुलाबी मुठीचा एक नाजूक चाकू पुढे केला. "सफरचंदासाठी छान आहे, ताई." ताईंनी पिशवीतून ताडपत्रीचा तुकडा काढून काउंटरवर आपटला. "हे माझं सफरचंद." त्या चाकूने तुकड्यावर साधी रेघही उठली नाही.

तिसरं दुकान कुलपं, खिळे, कड्या-कोयंड्यांचं. दारावरचं कापडी छप्पर एका कोपऱ्यात फाटून लोंबत होतं. तिथे ताईंचा डोळा क्षणभर अडकला, ठेच लागल्यासारखा. आत चष्मेवाल्या दुकानदाराने निमूटपणे नऊ चाकू मांडले. ताईंची परीक्षा एकच: उजवा हात पाठीमागे, डाव्याने उघडायचा, दाबून कापायचा, डाव्यानेच मिटायचा. कुणाची खुंटी पलीकडे, कुणाचा खटका बोटांखाली, कुणाला उघडायला नखाची खाच, आणि ताईंच्या नखांचं तर एकतीस वर्षांपूर्वीच ताडपत्रीशी भांडण झालेलं. नऊच्या नऊ नापास. नवरा तेवढ्यात अठरा हत्यारांच्या चाकूत अंगठा अडकवून बसला होता.

"डाव्या हाताचा माल येत नाही हो," दुकानदार म्हणाला. "मागणीच नाही."

"मागणी तुमच्यापुढे उभी आहे. तिला काय सांगू?"

दुकानदार चपापला. उगाच काहीतरी करायचं म्हणून त्याने गल्ल्यामागच्या खिळ्यावर टांगलेला एक काळा चाकू काढला, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढून ओढून उघडला आणि एका पार्सलची सुतळी कुरतडू लागला.

"तो बघू."

"हा विकायचा नाही. नमुना म्हणून आलेला. पात्याला भोक आहे बघा, टांगायला. म्हणून टांगलाय. आठ वर्षं झाली."

ताईंनी हात पुढे केला आणि तो मागे घेतलाच नाही. शेवटी चाकू त्या हातात आला. पातं मिटलं तरी ते गोल भोक मुठीबाहेर डोकावत होतं. ताईंनी डावा अंगठा भोकाच्या कडेला लावला आणि ढकललं. टक! पातं उघडून पक्कं झालं. खटका मुठीच्या पाठीवर, बरोबर मध्यावर. तो दाबला, मांडीला टेकवून पातं मिटवलं. पुन्हा टक. मुठीच्या दुसऱ्या अंगाला घडी घालून ठेवलेलं एक जाड टोचणंही निघालं, दोऱ्यांच्या गाठी सोडवायचं.

"भोकाला डावं-उजवं नसतं," ताई हलकेच म्हणाल्या.

दुकानदाराचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. त्याने चाकू घेतला, उजव्या अंगठ्याने ढकलला. टक. पुन्हा टक. आठ वर्षं ज्याला खिळ्यावर टांगलं तो असा गुणी निघाल्यावर त्याचा चेहरा जावई आवडल्यासारखा झाला.

"मग तर मुळीच विकायचा नाही," तो म्हणाला.

"वा! अक्कल माझी आणि चाकू तुमचा?"

"ताई, माझाच आहे तो."

"चल गं," नवरा कुजबुजला, "अठरावाला घेऊ." ताईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने हातातला अठरावाला खाली ठेवला.

"तुमचा ना? मग आणा इकडे, तुमचंच काम करते." दुकानदाराने नको म्हणायच्या आत ताई चाकू आणि स्टूल घेऊन बाहेर गेल्या. नवऱ्याला स्टूल धरायला लावलं. टोचण्याने छपराच्या दोरीची कुजलेली गाठ सोडवली, पात्याने फाटका काठ साफ कापला, मघाशी सफरचंद ठरलेला तो ताडपत्रीचा तुकडा ठिगळ म्हणून बेतला, टोचण्यानेच भोकं पाडून सुतळी ओवली आणि शेवटची गाठ आवळली. तीन वर्षं लोंबणारा कोपरा ताठ उभा राहिला. सगळं एका चाकूत आणि एका हातात; दुसरा हात कापड ताणून धरायला मोकळा, अगदी नियमाप्रमाणे.

"आता बोला," स्टुलावरूनच त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे राहून हा काय करणार? सुतळी कुरतडणार?"

दुकानदाराने हात उंचावून ठिगळ ओढून पाहिलं. "त्या खिळ्याला आता काय टांगू?" एवढंच त्याने विचारलं.

"अठरावाला टांगा," नवरा दुःखाने म्हणाला.

सोमवारी टेबलाभोवती सगळे जमले. ताई डाव्या कडेला उभ्या राहिल्या, टक केलं, आणि जाड थरातून एक लांब सरळ पट्टी एका दमात कापून काढली. खटका दाबला, चाकू मिटवला, मॅनेजरपुढे ठेवला. त्याने तो दोन-तीनदा उघडून पाहिला, जोर लावून पाहिला. चूक सापडेना.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तुमच्यापुरती खास सवलत म्हणून लिहून ठेवतो."

"सवलत नको."

"म्हणजे?"

"सवलत आज मिळते, उद्या जाते. नियमात लिहा. घडीचा, खटक्याचा, आणि ज्याच्या हाताला जो बसेल तो."

"ताई, नियम असा एका माणसासाठी बदलत नाही."

"मग उद्या सवलत गेली आणि तुमच्या चाकूने माझं बोट कापलं, तर त्याचा जबाबही तुम्हीच लिहा."

टेबलाच्या उजव्या कडेवरून कुणीतरी खाकरलं. मग आणखी दोघे खाकरले. काळजीवाहू माणसाने खिशातून पेन काढलं, भिंतीवरचा फतवा खाली घेतला आणि त्यात एक ओळ वाढवली. "वाचलं, समजलं म्हणून इथे सही करा."

ताईंनी पेन डाव्या हातात घेतलं. पगाराच्या कागदावर त्या नेहमी मनगट वाकडं करून, हात वर उचलून, जपून सही करत. आज हात सरळ टेकला आणि सही केली. हात ओल्या शाईवरून फिरला. खरं नाव निम्मं पुसलं गेलं.

"अहो, फासलं," मॅनेजर म्हणाला. "थांबा, दुसरा कागद देतो."

"कशाला?" चाकू कमरेला खोचत ताई म्हणाल्या. "माझी सही अशीच असते." आणि त्या टेबलाच्या डाव्या कडेला गेल्या.