सलीमभाईंचा पालथा कप

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी क्रांती चौकातल्या सिग्नलला होतो. भाभी एवढंच म्हणाल्या, "बाळूभाई, वो गए." सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले, आणि मी तिथंच गाडी धरून उभा... दोनच दिवसांपूर्वी मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो. ते त्यांनी पकडलंही होतं.

सलीमभाई करारांचे मसुदे लिहीत. दिल्लीची नोकरी संपल्यावर दूरच्या महासागरातल्या पाच बेटांनी त्यांना सल्लागार नेमलं, आणि त्यांनी मला, देवगाव रंगारीच्या एका बडबड्याला, टिपणं काढायला सोबत घेतलं. एका मोठ्या देशाला बेटांचं बंदर हवं होतं. बदल्यात तो औषधं आणि धान्य आणणाऱ्या जहाजाचा खर्च दर वर्षी देणार होता. पण उद्या त्या देशातलं सरकार बदललं आणि पैसे थांबले तर? सलीमभाईंचा हट्ट एकाच कलमाचा: काही वर्षांचा खर्च आधी तिसऱ्याकडं ठेव म्हणून ठेवा, मग बंदर घ्या. त्यासाठी ते तीन बैठका अडून बसले. बैठकीत चहासुद्धा घेत नसत. कप बशीत पालथा. वडिलांची सवय म्हणे... सोयरीक पक्की होईस्तोवर समोरच्याच्या घरचा घोट नाय.

मी मात्र चहा प्यायलो. दोन कप, वर बिस्किटं. मधल्या सुट्टीत समोरचे अधिकारी हसून म्हणाले, "आमच्यावर विश्वास नाही का?" आता आपल्याकडं कुणी असं विचारलं की माणूस काय म्हणतो? मी हात जोडून तेच म्हणालो, "छे छे साहेब, तुमचा शब्द म्हणजे आम्हाला कागदच!" वर त्यांच्या पाठीवर थापही मारली. दुपारी माझं वाक्य त्यांच्या इतिवृत्तात हजर: बेटांच्या बाजूला आश्वासन पुरेसं वाटतं. कलम मसुद्यातून गेलं.

बाहेर आल्यावर सलीमभाई म्हणाले, "बाळ्या, करार करायला आला होतास का पोरगी बघायला?" मी हसलो. ते हसले नाहीत.

मग वर्षभर, हृदय जेमतेम चालत असताना, ते घरच्या खोलीतून कलम परत घेण्यासाठी पत्रांमागून पत्रं पाठवत राहिले. कलम परत येईस्तोवर टेबलावर त्यांचा कप पालथाच. मी गेलो की एकच प्रश्न, "उत्तर आलं?" शेवटच्या भेटीत त्यांचा श्वास मला बघवेना. म्हणालो, "आलं की! कलम घेतलं त्यांनी." त्यांचे डोळे क्षणभर लखलखले. मग हात पुढं आला.

"कागद दाखव."

"तो... घरी राहिला."

"व्हय?" म्हणाले, आणि भिंतीकडं वळले.

त्यांचा चाळिसावा दिवस झाला त्याच आठवड्यात खरं उत्तर आलं. नकार. सोबत बेटांच्या वयस्कर प्रमुखबाईंचं पत्र: आम्ही सही करतोय, औषधं संपत आलीत, दुसरं जहाज नाही. ते घेऊन मी सलीमभाईंच्या खोलीत गेलो, भाभींना वाचून दाखवलं. त्या टेबल पुसत होत्या.

"अब तो बात खतम हुई ना? सीधा करके धो डालूँ?" त्यांनी कपाकडं बोट केलं.

मी पत्राची घडी घालून पुन्हा उघडली. भाभी कपाच्या कडेकडेनं फडकं फिरवून आत गेल्या. मी त्या रिकाम्या पलंगासमोर बसून राहिलो. आता माझ्याकडं कागद होता.