आत्याची कुमुदं

सोयीचं खोटं बोलायला आमच्या आत्याइतकी नालायक बाई अख्ख्या पुण्यात सापडायची नाही. विश्रांतवाडीतल्या तिच्या सोसायटीच्या गच्चीवर सहा टप होते आणि त्यांत कुमुदं, म्हणजे वॉटर लिली. माणसांची नाती तिला आठवत नाहीत. एका लग्नात सख्ख्या जावेला तिने ‘आपण कुणाकडच्या?’ असं विचारलं होतं. झाडांची सोयरीक मात्र तोंडपाठ. वाण्याने मखान्यांना कमळाच्या बिया म्हटलं की मागची रांग थांबलीच म्हणून समजा. “अहो, मखाना कुमुदाचा भाऊबंद! कमळाचा नातलग चिनार, काश्मीरचा वृक्ष. द्या पाव किलो.” घरी येऊन मखाना चिरायची. “हे पांढरं म्हणजे आईने बाळाला बांधून दिलेली शिदोरी. बाळ कणभर, एका टोकाला.” मग कमळाचं बी फोडायची. त्यात शिदोरी नाहीच. डाळीसारखी दोन जाड दळं आणि मधे हिरवा कोंब. “एका तळ्यात राहतात म्हणून बहिणी होतात का गं? तू आणि तुझी घरमालकीणही एकाच जिन्यावर राहता.”

सोसायटीने फर्मान काढलं: डास होतात, टप हटवा. मी पेटले. टपांत गप्पी मासे आहेत, अळी टिकतच नाही, हे बघायला एकही पदाधिकारी जिना चढला नव्हता! मी पत्रक छापलं, ‘कमळांवर कुऱ्हाड का? जाब द्या!’ आत्याने लाल पेन घेऊन प्रत्येक प्रतीवरचं ‘कमळ’ खोडलं. तरी सभेत अध्यक्ष नरमले. “कमळं आहेत ना ताई? मग लक्ष्मीचं आसन ते. राहू द्या की.” सगळ्यांनी माना डोलावल्या. फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. आत्या उठली, “कमळं नाहीत ती,” म्हणाली, आणि समजावून सांगायला पर्समधून दोन बिया काढल्या.

टप गेले. माझा अजून जळफळाट होतो. आत्या आता गच्चीवर जात नाही. एक कंद तेवढा माझ्या हिंजवडीच्या खोलीबाहेर बादलीत आहे. परवा घरमालकीण बादलीपाशी थबकली. “जिन्यात अडचण नको. कमळ असेल तर असू दे, शुभ असतं. कमळच ना?” मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, “नाही हो काकू. कुमुद आहे.”

आत जाऊन आत्याला फोन केला, सगळं सांगितलं.

ती हळूच म्हणाली, “चिनाराचं सांगितलंस का?”